मदत हवी आहे : आईची नळी १९९४ सालीच बांधली होती, मग नळीचा कॅन्सर कसा?

द्राक्षवेल | १२ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांब झालाय, पण तुटक लिहिलं तर तुम्हालाच पुन्हा पुन्हा विचारावं लागेल.

आई ६१ वर्षांची. तासगावजवळ आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, मी नोकरीसाठी पुण्यात. दिवाळीत घरी गेले तर आई म्हणाली, परकराची नाडी पुरेना झालीय. मी हसले, म्हटलं फराळ अंगी लागला. मग नीट बघितलं. पोट सुटलेलं, पण दंडावर ब्लाऊज ढगळ, आणि नाडीला जुन्या नाडीचा वीतभर तुकडा गाठ मारून जोडलेला. दोन घास खाल्ले की पोट गच्च, रात्रीत तीन-चारदा लघवीला उठायचं. गावात दाखवत होते, तीन महिने गॅसच्या गोळ्या चालू होत्या. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पोटाचा टीबी असेल, औषधं सुरू करून बघू म्हटलं. रक्तातला सीए-१२५ (कॅन्सरची शंका असली की बघतात तो आकडा) आला ६४२, तो ३५ च्या आत हवा असतो. तेव्हा मी आईला गाडीत घातलं आणि पुण्याला आणलं.

डिसेंबरच्या शेवटी ऑपरेशन झालं, साडेपाच तास. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, दोन्ही नळ्या, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) असं सगळं काढलं. सर्जन म्हणाले, डोळ्यांना दिसेल असं काही मागे ठेवलेलं नाही. परवा बायॉप्सीचा रिपोर्ट आला, तो जसाच्या तसा उतरवते:

हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, डावी फॅलोपियन ट्यूब, फिम्ब्रियल एंड. एसटीआयसी आढळले. डाव्या अंडाशयाच्या पृष्ठभागावर गाठी. ओमेंटममध्ये १.२ सेंमीपर्यंतचे डिपॉझिट. लिम्फ नोड्समध्ये लागण नाही. पोटातल्या पाण्यात पेशी पॉझिटिव्ह. स्टेज ३ बी.

आता खरा प्रश्न. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, माझी नळी तर तुझ्या भावानंतर बांधली. बांधलेल्या नळीत हे कुठनं शिरलं?" १९९४ साली तालुक्याला शिबिर होतं, तिथे तिचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं होतं. शिबिराला बाबांनीच नेलं होतं. आईच्या त्या एका वाक्यापासून बाबा गप्प आहेत. जेवतात, बागेत जाऊन येतात, पण बोलत नाहीत.

डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं, ओपीडीत मागे वीस माणसं उभी होती. तर: त्या ऑपरेशनमुळे हे झालं का? नळीत सुरू झालेला कॅन्सर ओमेंटमपर्यंत गेला कसा, रक्तातून? सगळं काढलंय तर केमो कशासाठी? आणि माझी मावशी ४८ व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, त्याचा याच्याशी काही संबंध?

आकडे नकोत. किती टक्के, किती वर्षं हे कृपया लिहू नका.

निशाचर_९ | १३ जानेवारी, सकाळी ६.१५

वाचून वाईट वाटलं. एकदा टाटाला दुसरं मत घ्या. परळला जायची दगदग नको असेल तर कागदपत्रं पाठवूनही मत मिळतं. रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलला लावून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता ५ लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, केमो सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा. नंतर गेलं की कागद मागे धावतात.

कोपरखळी | १३ जानेवारी, सकाळी ७.०२

स्टेज ३ म्हणजे गूगलवर असं दिसतंय की पाच वर्षांनंतर

(मजकूर संपादित.)

अंबाडी | १३ जानेवारी, सकाळी ७.१०

कोपरखळी, तिने स्पष्ट लिहिलंय ना आकडे नकोत म्हणून? शेवटची ओळ वाचायचीही तसदी घेऊ नये माणसाने.

स्लाइडवाली | १३ जानेवारी, दुपारी २.२५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभरात माणसं कमी आणि काचा जास्त बघते. त्यामुळे नळीच्या प्रश्नाला मी हात वर करते.

नळी साधारण १० ते १२ सेंमीची. एक टोक गर्भाशयाला जोडलेलं, दुसरं मोकळं. बिनटाक्याच्या ऑपरेशनात दुर्बिणीतून नळीच्या गर्भाशयाकडच्या भागावर बहुधा सिलिकॉनची एक बारीक रिंग चढवतात. वाट बंद झाली की काम झालं. पण नळी काढलेली नसते, ती जागच्या जागी असते. तिच्या मोकळ्या टोकाला रक्त मिळत राहतं, तिथलं अस्तर नव्याने बनत राहतं. त्या टोकाला झालर असते, पदराच्या गोंड्यासारखी, आणि ती अंडाशयावर लोळत असते. रिपोर्टमधलं फिम्ब्रियल एंड म्हणजे ही झालर. तुमच्या आईचा कॅन्सर तिथे सुरू झाला, रिंगेच्या पलीकडे. बांधल्यामुळे झालेला नाही. उलट नळी बांधलेल्या बायकांमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण काहीसं कमीच आढळतं. हे शेवटचं वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

एसटीआयसी म्हणजे अस्तराच्या थरातच असलेला, खाली न घुसलेला कॅन्सरचा ठिपका. कधी एखाद-दोन मिलिमीटरचाच असतो. तो सापडला म्हणजे मूळ गाव सापडलं. तो शोधायला पूर्ण झालर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कापांत कापून तपासावी लागते, मग पी५३ या प्रथिनाचा रंग देऊन खात्री करायची. पूर्वी कोणी एवढं करत नसे. नळीचा एखादा तुकडा घ्यायचा, अंडाशयावर मोठी गाठ दिसली की नाव अंडाशयाचं लावायचं. म्हणून जुन्या पुस्तकांत नळीचा कॅन्सर म्हणजे अगदी दुर्मीळ, स्त्रियांच्या जननमार्गाच्या कॅन्सरमध्ये १ टक्क्याच्या आसपास. २००१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी आनुवंशिक धोका असलेल्या बायकांच्या, प्रतिबंध म्हणून काढलेल्या नळ्या तपासल्या. कॅन्सरकडे झुकणारे बदल अंडाशयात नव्हे, नळ्यांत सापडले. तिथून चित्र फिरलं. आज अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा हाय ग्रेड सीरस कॅन्सर बऱ्याचदा या झालरीतूनच आलेला असतो असं मानतात. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना. तिने २०१४ पासून अंडाशय, नळी आणि पोटाचं अस्तर या तिघांच्या कॅन्सरची स्टेजिंग एकच करून टाकली.

आता पसरण्याबद्दल. बहुतेक कॅन्सर रक्तातून किंवा लसीकाग्रंथींतून प्रवास करतात, याला तेवढी दगदग नको असते. झालर पोटाच्या पोकळीतच उघडी. पेशी सुटतात आणि पोटातल्या पाण्यात पडतात. ते पाणी एका जागी थांबत नाही. आपण श्वास घेतो तसं ते उजव्या कडेने वर मध्यपटलाकडे सरकत राहतं. वाटेत ओमेंटम म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा. या पेशींना तो फार मानवतो, तिथे त्या तळ ठोकतात. म्हणून ऑपरेशनमध्ये तो काढतातच, वरून चांगला दिसला तरी. ग्रंथींतूनही हा पसरतो, ओटीपोटातल्या आणि महारोहिणीच्या बाजूच्या. आईच्या ग्रंथी स्वच्छ आहेत. रक्तातून यकृत-फुप्फुसाच्या आत जाणं सहसा उशिरा.

३ बी म्हणजे ओटीपोटाच्या वर पोचलाय, पण गाठी २ सेंमीपर्यंतच्याच. त्याहून मोठ्या असत्या तर ३ सी. यकृताच्या वर नुसती बसलेली गाठही तिसऱ्यातच धरतात. आत शिरली, किंवा छातीतल्या पाण्यात पेशी सापडल्या, तर चौथी.

जाता जाता: काढलेल्या तुकड्यांचे मेणातले ठोकळे आणि काचा (स्लाइड) हॉस्पिटलकडून ताब्यात घेऊन ठेवा. दुसरं मत घ्यायचं तर कागदापेक्षा त्याच लागतात.

बोरकूट | १३ जानेवारी, दुपारी ३.४०

स्लाइडवाली, याचा स्वतंत्र लेख करा. गोंड्याची उपमा डोक्यात बसली. बाकी मला यातलं काही कळत नाही, पोच देतोय.

द्राक्षवेल | १३ जानेवारी, रात्री १०.०५

स्लाइडवाली ताई, काय लिहू. फोन स्पीकरवर टाकून तुमची पोस्ट घरी वाचून दाखवली. आई मध्येच म्हणाली, म्हणजे दार लावलं होतं पण ओसरी उघडीच होती म्हण की. बाबांनी "कमीच आढळतं" ते वाक्य परत वाचायला लावलं. मग किती दिवसांनी बोलले ते: "भुरीच की मग. एका घडावरनं उडती, बागभर होती." भुरी म्हणजे द्राक्षावरचा पांढरा रोग, हवेतून पसरतो. केमो कशाला लागते तेही त्यांनीच आईला सांगून टाकलं. रोगट काडी छाटली म्हणून औषध मारायचं सोडतो का आपण? डोळ्याला दिसत नाही ते असतंच की.

मला वीस मिनिटं लागली असती.

डॉ_कंदील | १४ जानेवारी, सकाळी ८.३०

बाबांना माझा नमस्कार सांगा, उद्यापासून ओपीडीत हेच उदाहरण देणार. मी याच शाखेत शस्त्रक्रिया करतो. पेशंट न बघता लिहितोय, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

मूळ नळीत असो की अंडाशयात, उपचार एकच. पाया शस्त्रक्रियेचा, आणि त्यात निकष एकच: मागे काय उरलं. दिसेल असं काही उरलेलं नाही हे तुमच्या सर्जननी सांगितलेलं वाक्य सगळ्या रिपोर्टपेक्षा मोलाचं आहे. ऑपरेशन नोटमध्ये तसं लिहून घ्या. रोग जास्त पसरलेला असेल किंवा पेशंट अशक्त असेल तर आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो, असा क्रम असतो. बरेच नातेवाईक त्याला 'ऑपरेशन टाळलं' समजतात. तसं नसतं.

पुढे नेहमीची जोडी म्हणजे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, सहा वेळा. काहींना त्यात बेव्हॅसिझुमॅब हे औषध जोडतात. पोटात गरम केमो फिरवतात त्या हायपेकबद्दल कोणीतरी तुम्हाला नक्की विचारेल. त्याचा पुरावा मुख्यतः तिसऱ्या स्टेजला, आधी केमो देऊन नंतर ऑपरेशन केलेल्या पेशंटमधला आहे. आईच्या बाबतीत ती वेळ निघून गेलीय आणि तिची हळहळ करायचं कारण नाही.

टीबी सुचवणाऱ्या डॉक्टरांवर फार रागावू नका. पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए-१२५ वाढलेला, हे चित्र आपल्याकडे पोटाच्या टीबीतही हुबेहूब असतं. चूक तो विचार येण्यात नाही. पाणी किंवा तुकडा न तपासता औषधं सुरू करण्यात ती झाली असती. तीन महिने गॅसच्या गोळ्या मात्र जास्तच. पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर सोनोग्राफी करायलाच हवी.

पुस्तकात नळीच्या कॅन्सरचं एक खास लक्षण दिलेलं असतं: खालून अचानक पाण्यासारखा, कधी लालसर स्राव जातो आणि पोटातली कळ थांबते. प्रत्यक्षात ते थोड्याच बायकांत दिसतं. आईला असं काही झालं नसणारच, कारण रिंगेने ती वाट बंद होती.

आणि मावशीबद्दल तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, तेच मी सगळ्यात आधी वाचलं. आईची बीआरसीए तपासणी, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष शोधणारी तपासणी, करून घ्या. मावशी नसती तरी सांगितलं असतं, या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ती प्रत्येकीची करावी असा नियम आहे. तिच्यावर आईचं पुढचं औषध ठरतं आणि तुमचंही बरंच काही. आधी जेनेटिक समुपदेशकाशी बोला. रक्त आईचं द्यायचं, तुमचं नंतर, लागलं तर.

हिरवाई | १४ जानेवारी, सकाळी ११.१२

आमच्या ओळखीत एकांना लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा दिला, तीन महिन्यांत गाठ विरघळली. केमोने माणूस खचतो. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करू का?

अंबाडी | १४ जानेवारी, सकाळी ११.५०

हिरवाई, पत्ता नको. माझ्या स्वतःच्या सहा केमो झाल्यात, अंडाशयाचा होता, त्याला चार वर्षं होतील. तेव्हा मलाही असले नऊ पत्ते आले होते, वहीत लिहून ठेवलेत. पॅक्लिटॅक्सेल यकृतातून बाहेर पडतं, त्याच वेळी यकृतावर भलते काढे ओतायचे नाहीत. माझ्या डॉक्टरांनी हळदीच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या. भाजीतली हळद चालते.

द्राक्षवेल, आता बायकी गोष्टी सांगते. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, तेही झुपक्याने, उशीवर. आधीच बारीक करून घेतले तर धक्का कमी बसतो. मी नाही केले, आंघोळीला बसले आणि जाळी तुंबली. त्या दिवशी रडले तेवढी ऑपरेशनला रडले नव्हते. केमोच्या दिवशी माणूस ठणठणीत असतो, स्टेरॉइड दिलेलं असतं. तिसऱ्या दिवशी हाडं दुखायला लागतात. आई म्हणेल मला ताप आलाय, म्हणून थर्मामीटर उशाशी ठेवा आणि खरोखर मोजा. १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. उलटीच्या गोळीने पोट बांधून ठेवतं, इसबगोल नाहीतर डॉक्टर देतील ते पहिल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, ब्लाऊजचे हूक लागेनासे होतात. पुढून बटणाचे गाऊन घ्या आणि मुंग्यांचं डॉक्टरांना प्रत्येक वेळी सांगा, मात्रा कमी करता येते. आपल्या बायका हे सांगतच नाहीत.

आणि द्राक्षं धुऊन, अगदी पुसून. ती बागेतली असली तरी. फवारणी कोणती झालीय ते बाबांना माहीत असेलच.

द्राक्षवेल | ९ मार्च, रात्री ९.२०

धागा वर काढतेय. तीन केमो झाल्या. दुसरीनंतर पांढऱ्या पेशी पडल्या, एक आठवडा पुढे ढकलायला लागली, मग पेशी वाढवायची, पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं दिली. सीए-१२५ आता ४१ आहे. केस गेले. अंबाडी ताई, आधीच कापले होते, भावाने स्वतःच्या ट्रिमरने कापले आणि नंतर बाहेर जाऊन बसला. आई डोक्याला पंचा बांधते, आरशात बघून म्हणाली, अगदी माझ्या बापासारखी दिसायला लागले.

बीआरसीएचा रिपोर्ट आला. बीआरसीए१ मध्ये दोष आहे. समुपदेशक बाईंनी कागदावर घराण्याचं झाड काढलं, मावशीच्या गोलात रंग भरला, मग माझ्याकडे आणि भावाकडे अर्धी-अर्धी रेघ. मी ३६ ची, दोन मुलं आहेत. मावशीच्या दोन मुली आहेत. मामाला तीन. मामाला फोन केला तर म्हणाला, बायकांचा रोग, मला कशाला सांगतेस.

डॉ_कंदील | ९ मार्च, रात्री १०.४५

आधी आईचं. या रिपोर्टमुळे दार उघडलंय, बंद झालेलं नाही. पेशीला स्वतःचा डीएनए दुरुस्त करायच्या निरनिराळ्या वाटा असतात. आईच्या कॅन्सरच्या पेशींत बीआरसीएची वाट मोडलेली आहे. ओलापॅरिबसारख्या गोळ्या आणखी एक वाट अडवतात, मग त्या पेशीला दुरुस्ती जमत नाही. सहा केमो संपून चांगला प्रतिसाद दिसला की या गोळ्या सुरू करतात, रोज, ओलापॅरिब असेल तर साधारण दोन वर्षं. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, हिमोग्लोबिन घसरतं. २०१८ मध्ये आलेल्या चाचणीचे आकडे या गटासाठी खरोखर चांगले आहेत. तुम्हाला हवे असतील तर व्यनि करतो, इथे लिहीत नाही.

गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खायचं नाही असं पत्रकात असतं. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या जातीचं फळ. तासगावच्या घरात हा घोळ होणार म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मामांना असं सांगा: हा दोष बापाकडूनही मुलीला येतो, प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता. आधी मामांचं रक्त तपासायचं. त्यांच्यात नसेल तर त्यांच्या तिन्ही मुली या दोषातून सुटल्या. असेल तर मुलींना वेळेत कळेल.

तुम्ही स्वतः तपासून घ्या. दोष निघाला तर बीआरसीए१ असलेल्या बायकांना मुलं झाल्यावर, ३५ ते ४० या वयात, दोन्ही नळ्या आणि अंडाशय काढायचा सल्ला देतात. वाट बघत सोनोग्राफी करत राहू असं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर तपासण्यांचा मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला: नियमित तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. स्तनांसाठी मात्र तपासणीचा उपयोग आहे, वर्षाला एमआरआय. पाळी अचानक जाण्याचे त्रास आहेत, त्यावर उपायही आहेत. घाईने ठरवू नका, पण वर्षानुवर्षं लांबवूही नका.

स्लाइडवाली | ९ मार्च, रात्री ११.१०

आणि काढल्याच तर तुमची झालर पूर्ण कापून तपासायला सांगा. फॉर्मवर बीआरसीए१ असं ठळक लिहायला लावा. नाहीतर पलीकडे माझ्यासारखीच एखादी बसलेली असते, टेबलावर चाळीस डबे, नॉर्मल दिसणाऱ्या नळीचा एक काप घेऊन मोकळी होते.

द्राक्षवेल | ११ मार्च, सकाळी ७.३५

माझं रक्त शनिवारी देतेय. मामाला मी नाही, बाबांनी फोन केला. बाग उतरायला आलीय, व्यापारी दारात उभा, तरी अर्धा तास बोलत होते. मी नळीबिळी, झालर, निम्मी शक्यता सगळं त्यांना कागदावर लिहून दिलं होतं, त्यांनी कागद बघितलाच नाही. म्हणाले, "रोपवाटिकेतनं काडी आणताना तू विचारतोस ना कुठल्या बागेतली म्हणून? मग पोरींचं विचार." मामा येतोय म्हणाला, पण द्राक्षं गेल्यावर.

चौथी केमो २४ ला. डॉ. कंदील, ते आकडे पाठवा. बाबांना हवेत.